माघ सरताना घोड्यावरून: दिवसातून तीनदा हवा पालटते तेव्हा तुम्ही कसं ठरवता?

माळकरीण | रविवार, रात्री ९:१०

गेली तीन वर्षं मी दर रविवारी पहाटे पुण्याहून यवतच्या बाजूला जाते. तिथे ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडे पाच घोडी आहेत. त्यातली चांदणी नावाची काठेवाडी घोडी माझ्या वाट्याला येते. भुलेश्वरच्या डोंगराखालचा माळ, मधे हरभऱ्याची नि गव्हाची शेतं, तोडणीला आलेला ऊस, पाटाकडेची वाट असा आमचा दोन-अडीच तासांचा फेरा असतो.

वर्षातले मला सगळ्यात प्रिय दिवस हेच. संक्रांत उलटल्यापासून शिवरात्रीपर्यंतचे. सव्वासहाला निघावं तर लगाम धरलेली बोटं बधिर होतात, घोडीच्या नाकपुड्यांतून वाफ निघते. नऊ वाजता जॅकेट कमरेला बांधायचं. अकराला पाण्याची बाटली रिकामी. चंडोल गायला लागलेले असतात, पळस नुकता पेटायला लागलेला असतो. एकाच फेऱ्यात तीन ऋतू अंगावरून जातात, आणि ते गाडीत बसून कधीच कळत नाहीत.

पण आज जरा घाबरले. सकाळी धुकं, मग कडक ऊन, आणि साडेनऊला अचानक ईशान्येकडून गार वारा सुटला. ढग आले, चार थेंब पडले. कांद्याच्या शेतात मल्चिंगच्या कागदाचा तुकडा फडफडला आणि एरवी शहाण्यासारखी चालणारी चांदणी हातभर आडवी उडाली. मी पडले नाही, पण मांड सुटली, एक पाय रिकिबीतून निघाला. पागेतले काका म्हणाले, "हवा पालटली की ती अशीच करते."

तर प्रश्न असा: अशा लहरी हवेत निघायचं की नाही हे तुम्ही काय बघून ठरवता? किती वाजता निघता? परत आल्यावर घोड्यावर झूल घालता का? "उन्हाळा येऊ द्या, मग जा" असं कृपया सांगू नका. हे दिवस मला सोडायचे नाहीत.

---

सातव्या_मैलावर | रविवार, रात्री ९:३२

घोडामैदान जवळच आहे म्हणायचं! फोटो टाका की चांदणीचा.

---

कडबाकुट्टी | रविवार, रात्री १०:०५

ताई, थंडीला नका भिऊ, वाऱ्याकडं बघा. आमच्याकडं फलटण भागात दोन घोडी आहेत, आजोबांच्या वेळेपासून दावणीला घोडं कधी सुटलं नाही.

घोडं कानावर जगतंय. वारं सुटलं की चारी बाजूंनी आवाज येतात, वास इकडचा तिकडं होतो, नि कुठून काय येतंय ते त्याला उमगत नाही. मग कागद फडफडला तरी त्याला बिबट्या दिसतो. नुसती थंडी असली तर ते उलट खुशीत चालतं.

पण एक विचारतो, राग मानू नका. चांदणी सोमवार ते शनिवार काय करते? तुम्ही रविवारीच जाता. आठवडाभर उभी घोडी, पोटात हरभरा, नि वरनं गार वारं! मग ती उडणार नाही तर काय करणार? इथंच घोडं पेंड खातंय. हवेवर सगळं ढकलू नका.

आम्ही काय करतो: घोडं लई दिवस उभं असलं तर आदल्या दिवशी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्म्यावर आणायची, वैरण वाढवायची. निघण्याआधी लांब दोरीवर पंधरा मिनिटं गोल फिरवायचं, दोन्ही दिशांनी. पाठीतला ताठा उतरला, मान खाली आली, फुरफुर केली, की मग खोगिराचा तंग आवळायचा नि बसायचं.

---

माळकरीण | रविवार, रात्री १०:२०

राग कसला? हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवड्यात फार तर एकदा तिला काकांचा मुलगा फिरवतो. चंदीचं उद्याच विचारते.

---

खूरखबर | सोमवार, सकाळी ७:१५

मी पशुवैद्य आहे, घोड्यांवर बरंच काम केलं आहे. कडबाकुट्टींशी चंदीबद्दल पूर्ण सहमत. थोडी भर घालतो.

या दिवसांत खरारा केला की केसांचे पुंजके हातात येतात ना? पुष्कळांना वाटतं, गरम व्हायला लागलं म्हणून केस गळतात. खरं कारण उजेड. दिवस मोठा होऊ लागला की घोड्याचं शरीर ते ओळखतं आणि हिवाळी केस टाकायला सुरुवात करतं, बाहेर थंडी असली तरी. म्हणजे माघात घोडं अर्ध्या केसांवर असतं आणि पहाटे मात्र पौषातला गारठा असू शकतो. दुपारी उलट, उरलेले दाट केस आणि वर ३३-३४ अंशांचं ऊन. दोन्हीकडून त्याची पंचाईत. म्हणून पहाटे सुरुवातीची वीस मिनिटं नुसती चाल. दुडकी नाही, दौड तर नाहीच. परतताना शेवटचा मैलही चालतच.

परत आल्यावर पुढच्या दोन पायांच्या मधे छातीला हात लावा. गरम लागली तर अजून फिरवा, दहा-पंधरा मिनिटं. झूल घालायची की नाही ते अंग ओलं आहे का आणि वारा आहे का यावर ठरवायचं. घामानं चिंब घोड्यावर जाड झूल टाकून उभं करू नका, वाफ आत कोंडते. गवताच्या चुंबळीनं आधी अंग चोळून कोरडं करा. कोरड्या, निवाऱ्यातल्या घोड्याला आपल्याकडच्या थंडीत झूल लागतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. घोडं दिवसाला सहज २५ ते ४० लिटर पितं. गारठ्यात पाणी गार असलं की ते कमी पितं, कोरडा कडबा मात्र तेवढाच खातं, आणि मग आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठतो. हवा पालटते त्या आठवड्यात पोटशुळासाठी मला फोन जास्त येतात. पहाटे बादलीत थोडं कोमट पाणी मिसळा. लीद कोरडी, बारीक गोळ्यांची दिसली तर त्या दिवशी रपेट रद्द.

---

बागवान_वाडा | सोमवार, सकाळी ८:४०

डॉक्टर, आमच्याकडे थंडीत घोड्याला गूळ, बाजरी, ओवा देतात. अंगात ऊब राहते म्हणतात. चूक आहे का?

---

खूरखबर | सोमवार, सकाळी ९:०२

मूठभर गुळानं काही बिघडत नाही, लाड म्हणून द्या. पण ऊब येते ती वैरणीतून. कडबा-गवत मागच्या मोठ्या आतड्यात आंबतं, आणि त्या आंबण्याचीच उष्णता घोड्याला रात्रभर पुरते. थंडी वाढली की दाणा वाढवू नका, वैरण वाढवा. बाजरीनं ऊब नाही येत, उड्या येतात.

---

कडबाकुट्टी | सोमवार, सकाळी ९:३०

डॉक्टर, आमच्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं ओवा-गूळ दिला, एक घोडं पोटानं गेलं नाही. बाकी सगळं पटलं, एवढं नाही पटत. ओव्यावर आपण समोरासमोर बोलू.

---

नेरळच्यावर | सोमवार, दुपारी १:१५

माथेरानचा आहे, घोड्यांच्याच घरातला. आमच्याकडे मोटारी दस्तुरीपाशी थांबतात, पुढे पाय, घोडा, छोटी रेल्वे, आता थोड्या ई-रिक्षा. त्यामुळे घोडा हा आमचा शौक नाही, रोजचा रस्ता आहे.

हवेचं म्हणाल तर आमच्याकडे या दिवसांत धोका खालून असतो. लाल माती सुकून तिचा भुगा होतो, त्याखाली जांभ्याचा दगड. पहाटे दव पडलं की वरचा थर तेलासारखा. पेव्हर ब्लॉक टाकलेत तिथे नाल लावलेला घोडा सरकतोच. आम्ही घोडा मुद्दाम कडेनं, मातीवरून नेतो, नि उतारावर बसणाऱ्याला सांगतो: मागे रेल, लगाम ओढून धरू नको, त्याला मान मोकळी दे. मान खाली घालून तो स्वतः पाय शोधतो. तुम्ही घाबरून लगाम खेचलात की त्याचा तोल तुम्हीच घालवता.

सावल्यांचंही सांगतो. झाडीतून वाट जाते, सूर्य तिरपा असतो, उन्हाचे नि सावलीचे पट्टे पडतात. उजेडातून एकदम अंधारात गेलं की घोड्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीच्या तोंडाशी तो थांबला तर टाच मारू नका. दोन श्वास थांबा. आपोआप निघतो.

---

साधा_वाचक | सोमवार, दुपारी ३:५०

सगळं छान, पण मला विचारावंसं वाटतं की घोड्यावर बसावंच का? पर्यटनस्थळी हाडं वर आलेली, जखमांवर खोगीर घातलेली घोडी मी पाहिली आहेत. भर दुपारी, पाण्याविना. लहरी हवेत "आनंद" आपल्याला, ओझं त्याला.

---

नेरळच्यावर | सोमवार, सायं. ५:२०

तुम्ही पाहिलंत ते खोटं म्हणणार नाही. तसे लोक आहेत आणि त्यांच्यामुळे मान आमची खाली जाते. पण उपाशी घोडा पुढच्या महिन्यात कमावत नाही हे आमच्या घरातल्या पोरालाही कळतं. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन खोगीर उतरवतो, गिऱ्हाईक कितीही अडलं तरी. तुम्ही आलात तर एक करा: बसण्याआधी मालकाला खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्या घोड्यावर बसू नका.

---

साधा_वाचक | सोमवार, सायं. ५:४५

हे मान्य. पाठ बघायची गोष्ट लक्षात ठेवीन.

---

चिनूक | सोमवार, रात्री ११:०५ (आमची सकाळ)

कॅल्गरीहून. तुमचा "तीन ऋतू" वाचून हसू आलं, आमच्याकडे ते एका दुपारी होतात. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरताना वारा तापतो, त्यालाच चिनूक म्हणतात. पश्चिमेला ढगांची लांबलचक कमान दिसते, खाली निळ्या आभाळाची पट्टी. ती दिसली की समजायचं. गेल्या आठवड्यात सकाळी उणे १८ होतं, दुपारी अधिक ६. बर्फाचं पाणी झालं, रात्री त्याची काच झाली.

अशा दिवशीच्या सवयी: लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात द्यायच्या आधी हातात धरून किंवा काखेत ठेवून ऊबदार करायची, नाहीतर जिभेला चिकटते. नालेत बर्फाचा गोळा धरतो आणि घोडं उंच टाचांवर चालल्यासारखं डगमगतं, म्हणून खुराच्या तळाला निघण्याआधी पेट्रोलियम जेली चोपडतो. वाटेत दर अर्ध्या तासाला उतरून खूर बघायचा.

आणि कमान दिसली तर मी जातेच. पंधरा दिवस हाडं गोठल्यावर तो ऊबदार वारा तोंडावर येतो, घोडं कान टवकारतं, आणि दोघांनाही कळतं की थंडी कायमची नाही. साताऱ्याच्या घरी आई म्हणायची, शिवरात्रीला थंडी "शिव शिव" करत निघून जाते. इथे ती निघून जाते आणि चार दिवसांनी परत येते. तरी मी दरवर्षी आईला फोन करून सांगते, गेली गं.

---

ओलीवाट | मंगळवार, पहाटे २:३०

इंग्लंडमधून दोन ओळी. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे चिखल आणि वादळं. २०२२ मध्ये तर एका आठवड्यात तीन वादळं आली, सगळा आठवडा नुसता तबेला झाडला. वारा मोठा असला की घोड्यावर बसायचं नाही हा आमच्या तबेल्याचा नियम आहे, त्यावर चर्चाच नाही. रस्त्यावरून जाताना चकाकतं जॅकेट आपल्यालाही आणि घोड्यालाही. त्याच वर्षी इथल्या वाहतूक नियमात आलं की गाडीनं घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आत आणि निदान २ मीटर अंतर ठेवून जावं. यवतला ऊसाच्या ट्रॉल्या असतील ना? चकाकतं जॅकेट घ्याच.

---

बारगीर | मंगळवार, सकाळी १०:१०

अवांतर, पण फार नाही. हे दिवस आपल्याकडे घोडदळाच्या ऐन धामधुमीचे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, आणि पाऊस लागण्याआधी छावणीला परतायचं. म्हणजे माघ-फाल्गुन घोड्याच्या पाठीवरच जायचा. सकाळचा गारठा, दुपारचा फुफाटा हे त्या शिलेदारांनी, बारगिरांनी रोज सोसलं.

चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या पागेच्या लोकांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र पुष्कळांना ठाऊक असेल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा, वैरण आताच उडवून टाकलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशी ताकीद त्यात आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत तपशील. मला ते पत्र वाचताना दरवेळी भरून येतं. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी गवताच्या गंजीपाशी उभा राहून विचार करतो. इथे डॉक्टर पाण्याच्या बादलीचं सांगत होते, तेव्हा तेच आठवलं.

---

नुकरा_घोडी | मंगळवार, दुपारी १२:३५

आमचीही एक गंमत. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून वडिलांनी पांढरी घोडी आणली. शांत, देखणी. परवा सकाळी तिला घेऊन गावाबाहेर निघालो, झकास ऊन, वारा नाही, घोडी निवांत. तेवढ्यात लांबून हळदीचा ताशा ऐकू आला आणि ही जागच्या जागी नाचायला लागली! पुढचे पाय उचलून, मान डोलावून. ती आधी वरातीची होती हे आम्हाला तेव्हा कळलं. ताशा थांबेपर्यंत मी वर, ती खाली, आणि रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवताहेत. लग्नसराईत हवेपेक्षा ताशाचा अंदाज घ्यावा लागतो.

---

सातव्या_मैलावर | मंगळवार, दुपारी १२:५०

वरातीमागून घोडे ऐकलं होतं, घोड्यामागून वरात पहिल्यांदाच!

---

गारपीट_पाहिलेला | मंगळवार, रात्री ८:१५

सगळे वाऱ्याचं बोलताहेत, मी आभाळाचं बोलतो. ढग आले तरी "चार थेंबच तर" म्हणून पुढे जाणारे आहेत, म्हणून लिहितो. या दिवसांत उपसागराकडून बाष्प येतं, उत्तरेकडून कोरडी थंड हवा उतरते, आणि दोघांची गाठ मध्य महाराष्ट्रावर पडली की अवकाळी येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आम्ही शेतात पाहिली आहे. द्राक्षं, गहू, हरभरा सगळं झोपलं. उघड्यावरची मेंढरं गेली.

गडगडाट ऐकू आला तर फेरा तिथेच संपवायचा. माळावर घोड्यावर बसलेला माणूस सगळ्यात उंच असतो. उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणापासून लांब राहा, सखल जागेकडे चालत चला. आणि काळ्या रानातून परत येऊ नका. थोड्या पावसानंही काळी माती खुराला लगद्यासारखी धरते, नाल उपसून काढते. मुरमाड वाट लांबची असली तरी तिनंच या.

---

खूरखबर | मंगळवार, रात्री ८:५०

नालेचं अगदी बरोबर. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं होत राहिलं की खूर फुगतो, आकसतो आणि खिळे ढिले पडतात. निघण्याआधी चारी पाय उचलून नाल हलवून बघा. टाप पडताना कडकड असा सैल आवाज आला तर नालबंदाला आधी बोलवा.

---

चिंचणी | मंगळवार, रात्री १०:४०

माझ्याकडे घोडं नाही, मी फक्त वाचतेय. पण लहानपणी कोकणात आमच्या भाताच्या खाचरांत थंडीत धनगर मेंढ्या बसवायला यायचे. त्यांच्याबरोबर ठेंगणी, रुंद छातीची घोडी असायची, पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, खाटेचे पाय, वर कोंबडी बांधलेली, कधी एखादं पोर. पुढे कळलं ती भीमथडी घोडी, भीमेकाठची. दवात रात्रभर उघड्यावर उभी असायची. पहाटे बघावं तर सगळी एकाच दिशेला शेपट्या करून. वडील म्हणायचे, शेपट्या बघ, वारा कुठून आहे ते सांग.

---

कडबाकुट्टी | बुधवार, सकाळी ६:३०

चिंचणीताई, लाखातलं बोललात. त्याच भीमथडीला आता सरकारदरबारी वेगळी जात म्हणून मान्यता मिळालीय. आम्हाला लोक म्हणायचे तट्टू, तट्टू. त्या तट्टानं अटकेपर्यंत माणसं नेली.

---

माळकरीण | पुढच्या रविवारी, रात्री ८:००

सगळ्यांना सविस्तर सांगते.

काकांशी बोलले. चांदणीला रोज दीड किलो हरभरा चालू होता, काम असो-नसो. तो गुरुवारपासून निम्मा केला, कडबा वाढवला. बुधवारी आणि शुक्रवारी काकांच्या मुलानं तिला तास-तासभर फिरवलं.

आज पोचले तेव्हा गारठा होता, पण पान हलत नव्हतं. दावणीला चांदणी कुठल्याही दिशेला शेपूट न करता, एक मागचा पाय सैल सोडून उभी. कोमट पाणी दिलं तर अर्धी बादली एका दमात प्यायली. काका म्हणाले, थंडीत ती एवढं पीत नाही. नाला तपासल्या, डाव्या मागच्या पायाची सैल निघाली! नालबंद येईपर्यंत पावणेआठ झाले. एरवी मी हळहळले असते, आज नाही. त्या वेळात खरारा केला. बाहीवर, चेहऱ्यावर, चहाच्या कपात, सगळीकडे केसच केस. काकूंनी त्याच कपात दुसरा चहा दिला.

निघायला उशीर झाला म्हणून फेरा लहान केला, मुरमाड वाटेनं. वीस मिनिटं नुसती चाल. पाटाकडेच्या शिरीषाखाली सावलीचा पट्टा आला, ती थांबली. मी दोन श्वास थांबले, ती निघाली. मग त्याच कांद्याच्या शेताशी आलो. कागद तिथेच होता, वाराही थोडा सुटला होता. तिनं कान तिकडे वळवले, अंग ताठ झालं, मला मांडीखाली कळलं. मी लगाम खेचला नाही. मान मोकळी सोडली. तिनं मान लांब करून कागद हुंगला, जोरात फुरफुरली आणि पुढे गेली.

त्यानंतर माळावर मोकळ्या वाटेला लागलो आणि मी तिला दुडकीला घातली. उन्हात ऊब आली होती, वारा मात्र अजून गार. गाल गार आणि पाठ गरम, असं एकाच वेळी. खाली टापा एकसारख्या, आणि भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून-खालून उडत आमच्याबरोबर बराच वेळ होता. मला ओरडावंसं वाटलं, पण ती बिचकेल म्हणून ओरडले नाही.

परत आल्यावर छाती गरम लागली, पंधरा मिनिटं फिरवली, चुंबळीनं चोळली. झूल घातली नाही. ओवा-गूळ... काकूंनी दिला. डॉक्टर, माफ करा.

---

खूरखबर | रविवार, रात्री ८:२५

माफ. अर्धी बादली एका दमात प्यायली हे वाचून मला सगळ्यात बरं वाटलं.

---

साधा_वाचक | रविवार, रात्री ९:००

ताई, मला एकदा बरोबर न्याल का? बसेनच असं नाही. खरारा करायला येईन.

---

माळकरीण | रविवार, रात्री ९:०७

या की. सहाला हडपसरला भेटू. जुना शर्ट घाला, आणि बसावंसं वाटलं तर म्हणून डोक्याचा घेर मोजून कळवा, हेल्मेट आणून ठेवते.